एका ओळीचं वर्णन

उस्मानपुऱ्यातल्या त्या इमारतीत खाली चष्म्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर आठ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. खिडकीलगत एक लांब टेबल होतं. त्यावर कायम दहाबारा मोबाईल आडवे पडलेले असत, प्रत्येकाला एक वायर लावलेली. विशाखा त्याला आजारी फोनांचा वॉर्ड म्हणायची. कंपनी विशाखाचीच होती आणि तिने पहिल्यांदा नोकरीवर घेतलेलं माणूस म्हणजे उजमा. दोघी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या वर्गात एका बाकावर बसलेल्या. दोघींनीही पुढे रसायनशास्त्र सोडलं, बाक तेवढा सोडला नाही.

बिघडलेलं अॅप का बिघडलं हे शोधायचं काम आधी उजमा स्वतः करायची. वर्षभरापासून ते एजंट करत होता. एजंट म्हणजे संगणकातलाच एक कामकरी, हुशार, न थकणारा, पण फोनला हात लावायला त्याला हात नाहीत. म्हणून उजमाने त्याला सव्वीस टूल्स करून दिली होती. एक पडद्याचं चित्र काढायचं, एक अॅप बंद करून पुन्हा सुरू करायचं, एक फोनमध्ये अडकून पडलेल्या नोंदी मोजायचं. कोणतं टूल कधी उचलायचं आणि कधी त्याच्याजवळही जायचं नाही, हे एजंटाला एकाच गोष्टीवरून कळत असे. प्रत्येक टूलसोबत चार-सहा वाक्यांचं वर्णन असे, त्यावरून. ती वर्णनं उजमा लिहायची.

फार जपून लिहायची. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर आत काय आहे एवढं लिहून भागत नाही, ते कशात ओतलं तर काय होतं तेही लिहावं लागतं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. वर्णनं इंग्रजीत असत, पण त्यांची परीक्षा मराठीत होई, आणि ती घेई विशाखा. या परीक्षेला दोघींनी नाव ठेवलं होतं, नवी सून. विशाखा डोक्यावरून ओढणी घ्यायची, खुर्चीच्या कडेला अवघडून बसायची आणि उजमाने वाचून दाखवलं तेवढंच, अगदी तेवढंच, करायची.

"हे टूल अॅपमधली साठवण पुसून ते नव्यासारखं करतं," असं उजमाने एकदा वाचलं होतं.

"केलं की, सासूबाई," विशाखा खाली मान घालून म्हणाली होती. "डबे घासायला सांगितले, घासले. लखलखीत."

"आणि आतली डाळ?"

"ती मोरीत गेली. डाळ काढून ठेव म्हणून कुठं सांगितलंत?"

दोघी हसल्या होत्या आणि उजमाने तिथल्या तिथे पुढची वाक्यं लिहिली होती. 'फोनमध्ये न पाठवलेल्या नोंदी असतील तर त्या यात कायमच्या जातात, परत मिळत नाहीत. आधी न पाठवलेल्या नोंदी मोजा. एक जरी असेल तर हे टूल वापरू नका. थांबा आणि माणसाला विचारा.' सव्वीस वर्णनांतलं हे वर्णन उजमाला सगळ्यात पक्कं वाटायचं. ते दोघींचं होतं.

गोजरबाई पिशोरहून आली ती गुरुवारी, अकराच्या सुमाराला. पन्नाशीची बाई, पायात पुरुषी सँडल, पिशवीत पोलादी टेप. पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेसाठी ती गावातल्या बावीस विहिरींचं पाणी दर आठवड्याला मोजायची. विहिरीच्या काठावर रंगाची खूण होती. तिथून टेप सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा आणि जागीच फोनवर भरायचा. अॅप या कंपनीने केलेलं. विहिरींवर नेटवर्क नसे, म्हणून आकडे फोनमध्ये साठून राहत आणि घरी आल्यावर 'पाठवा' दाबलं की संस्थेकडे जात. सात आठवडे झाले, 'पाठवा' दाबलं की अॅप अडकत होतं. आणि आता तर ते उघडायलाच तयार नव्हतं.

"सात हप्त्याचं हाय त्यात," गोजरबाई म्हणाली. फोन तिने पदराच्या टोकात बांधून आणला होता. "लई तळाला गेलं व्हतं पानी. तात्यासाहेबांच्या हिरीला तर टेप पुरंना, वाकून वाकून मोजलं."

उजमाने फोनला वायर लावली आणि मोजायचं टूल चालवून पाहिलं. एकशे चोपन्न. बावीस विहिरी, सात आठवडे. एकही चुकलेली नव्हती.

"सगळं आहे, मावशी. एकशे चोपन्न."

"जाणार नाय ना?"

"नाही जाणार."

"न्हाईतर सोनियाताई काढून टाकत्यात. सहा हप्ते आकडा नाय आला की नवी बाई लावत्यात, तसा नेमच हाय त्यांचा." सोनियाताई म्हणजे संस्थेच्या समन्वयक. "अन् काढलं तर काढलं माय, पर गावात तात्यासाहेब म्हनतील, बघा, ही बया टेप घेऊन नुस्ती हिंडत व्हती. आधीच त्येंला माझं त्येंच्या हिरीत डोकावनं खपत नाय."

वही ठेवली असती तर काळजी नव्हती. पण वही उजमानेच बंद करवली होती. दोन वर्षांपूर्वी पिशोरला शिकवायला गेली तेव्हा गोजरबाई आधी वहीत लिहायची आणि मग फोनमध्ये उतरवायची, आणि उतरवताना सात आणि एकची गल्लत होई. दोन ठिकाणी लिहिलं की दोन आकडे होतात, असं उजमाने तिला समजावलं होतं. एकदाच लिहा, विहिरीवरच लिहा, फोन विसरत नाही. गोजरबाईला ते पटलं होतं. तिने त्याच दिवशी वही नातीला चित्रं काढायला दिली.

नोंदी फोनमधून बाहेर काढायच्या तर अॅपची एक खास आवृत्ती बनवून वर चढवावी लागणार होती. ती सोमवारी तयार होणार होती. उजमाने फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली, 'आत १५४ नोंदी आहेत, पाठवलेल्या नाहीत', त्याला टेबलावर वायर लावून ठेवलं, आणि गोजरबाईला जुना फोन वापरायला देऊन एसटीला सोडून आली.

शुक्रवारी तिची अर्धी रजा होती. मामेबहीण अरफाची मंगनी होती. एक वाजता ती निघाली तेव्हा विशाखा तिला दारापर्यंत सोडायला आली.

"मेंदी दाखव सोमवारी. आणि माझ्या वाटणीची बिर्याणी आण."

"आज सोनियाताई एजंटचं काम बघायला येणारेत ना? मी थांबू का?"

"कशाला? एजंट काम करतो, मी गोड बोलते. जा तू."

सोमवारी सकाळी उजमाने डबा विशाखाच्या टेबलावर ठेवला आणि वॉर्डकडे वळली. गोजरबाईच्या फोनवर अॅप उघडलेलं होतं. हिरवा पडदा, वर बावीस विहिरींची नावं, आणि प्रत्येक नावापुढे कोरी जागा. तिने मोजायचं टूल चालवलं. शून्य. वायर काढून पुन्हा लावली, पुन्हा चालवलं. शून्य. पाठीवरची चिठ्ठी नव्हती. नुसता गोंदाचा चौकोन राहिला होता.

"विशू, हा फोन कुणी घेतला होता?"

विशाखा उठून आली. फोनकडे पाहिलं, मग उजमाकडे. "शुक्रवारी एजंटने दुरुस्त केला. उघडला बघ. का?"

"आतलं गेलं सगळं."

"अरे देवा." विशाखाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं वर्णन वाचूनही त्यानं पुसलं?"

हा प्रश्न उजमाला दिवसभर पुरला. वर्णन तिने उघडून पाहिलं. जसंच्या तसं होतं, सगळी वाक्यं जागेवर. मग एजंटाने असं का केलं? 'विचारा' हा शब्द सौम्य पडला का? 'वापरू नका' आधी यायला हवं होतं का? चूक आपल्या वाक्यात आहे असं तिने धरलं, कारण वाक्य तिचं होतं. जुन्या फोनांपैकी एकात तिने खोट्या नोंदी भरल्या, अॅप मुद्दाम अडकवलं आणि एजंटाला सोडलं. एजंटाने नोंदी मोजल्या, थांबला, विचारलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा थांबला. दुपारी विशाखाने चहा आणून तिच्या कोपराजवळ ठेवला. "नको गं एवढं लावून घेऊ. मशीन आहे, कधीतरी घसरतंच," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत उजमाने वीस वेळा प्रयोग केला. वीसच्या वीस वेळा एजंट थांबला.

घरी जेवताना अम्मी म्हणाली, "खाना कायकू नै खारी?" उजमा म्हणाली, भूक नै.

मंगळवारी दहा वाजता गोजरबाईचा फोन आला. आवाज बारीक होता, एवढा की उजमाला आधी ओळखू आला नाही.

"सोनियाताईंचा फोन आलता. म्हनल्या, तुमी काही भरलंच न्हवतं. फोन रिकामा व्हता म्हनून लेखी आलंय म्हनं तुमच्याकडून. गुरुवारी गावात बैठक हाय, नवी बाई लावनार हायती." "तू मोजलं व्हतंस ना माय? माझ्यासमोर मोजलंस. एकशे चोपन्न म्हनलीस."

"मोजलं होतं."

"मग लेखी तुझ्या नावाचं कसं काय हाय?"

"मी बघते आणि सांगते," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कंपनीच्या पाठवलेल्या पत्रांत ते सापडलं. शुक्रवार, संध्याकाळी पावणेसहा. एका पानाचा अहवाल, नीटनेटका. 'सदर फोनमध्ये कोणत्याही न पाठवलेल्या नोंदी आढळल्या नाहीत. अॅपमध्ये दोष नाही. नोंदी भरल्या गेल्या नसाव्यात.' खाली, तपासणी : उजमा शेख. पावणेसहा वाजता उजमा शेख रोशन गेटला एका हॉलमध्ये बसून अरफाच्या हातात अंगठी जाताना बघत होती.

तेव्हा कुठे तिला एक साधी गोष्ट सुचली, जी प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरीला सुचली असती. वीस वेळा एक उत्तर येतं आणि एकदाच दुसरं येतं, तर त्या एका वेळी बाटलीत काहीतरी वेगळं होतं. एजंटाच्या प्रत्येक कामाची पूर्ण नोंद राहत असे, त्याला त्या वेळी दिलेल्या वर्णनांसकट. आजचं वर्णन तिने शंभरदा वाचलं होतं. शुक्रवारचं वाचलंच नव्हतं.

शुक्रवार, तीन वाजून चौतीस मिनिटं. एजंटाला दिलेलं वर्णन एका ओळीचं होतं. 'अॅप नव्यासारखं करतं. अॅप उघडत नसेल तर वापरा.'

अॅप उघडत नव्हतं. एजंटाने वापरलं. त्याचा काही दोष नव्हता. त्याआधी सवयीने त्याने नोंदीही मोजल्या होत्या आणि आकडा त्या नोंदीत तसाच होता, एकशे चोपन्न. पण तो आकडा पाहून थांबायचं असतं, हे त्या दिवशी त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. बदलांच्या इतिहासात उरलेलं सगळं होतं. तीन अकराला वर्णनं बदलली, पाच पाचला जुनी परत ठेवली, दोन्ही वेळा विशाखाच्या नावाने.

उजमा दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आधी आली ती लाज, जसं दुसऱ्याचं पत्र चुकून आपण उघडलंय. मग तिने दोन पानं छापून घेतली आणि विशाखाच्या केबिनमध्ये गेली. विशाखा डबा उघडत होती.

"ये, बस. आज मेथी आहे."

"शुक्रवारी तीन अकराला तू वर्णन बदललंस. पाचला परत ठेवलंस."

विशाखाने झाकण पुन्हा लावलं. बराच वेळ लावत बसली. "सगळीच बदलली होती," ती शेवटी म्हणाली. "सव्वीसच्या सव्वीस. उजी, तुझी वर्णनं एजंट प्रत्येक पावलाला वाचतो. दोन फोन झाले, तोवर पंचवीस मिनिटं गेली. सोनियाताई घड्याळ बघायला लागल्या. त्यांना म्हटलं चहा घ्या, तोवर एकेक ओळ केली."

"छोटं केलंस ते समजलं. पण 'अॅप उघडत नसेल तर वापरा' हे माझ्या वर्णनात कुठंच नव्हतं. ते तू लिहिलंस."

"उघडून दाखवायचं होतं ना."

"फोनला चिठ्ठी होती."

"काढली मी. टेबल बरं दिसावं म्हणून. वाचली नाही." उजमाने हातातली पानं टेबलावर ठेवली, तेव्हा विशाखाने नजर वळवली. "वाचली. वाटलं, तो फोन मधे येणारच नाही. मग त्या म्हणाल्या, पिशोरचा दाखवा, त्याचीच तक्रार आहे."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. दोघींनी ती ऐकली.

"तीन मिनिटांत उघडला," विशाखा म्हणाली. "त्या खूश झाल्या. मग पुढं वाकून म्हणाल्या, अहो, यात तर एकही आकडा नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, बाईंनी भरलेच नसतील. ठरवून नाही गं बोलले. निघालं. मग त्यांनी तेच लेखी मागितलं."

"ते माझ्या नावाने दिलंस."

"तुझं नाव असलं की ते लोक प्रश्न विचारत नाहीत." विशाखाने हे असं सांगितलं, जणू एखादी चांगली बातमी देतेय. "तुझ्यावर भरवसा आहे त्यांचा."

"काल दिवसभर मी माझी चूक शोधत होते. तू मला चहा आणून दिलास."

डब्याच्या कडीशी विशाखाचं बोट चाळा करत राहिलं.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "संध्याकाळी सांगणार होते. पण तू वीस वेळा करून बघत होतीस, तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, आता सांगितलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "ऐक. आणखी तीन तालुक्यांचं काम ते आपल्याला देतायत. आठ जणांची घरं आहेत यावर, तुझं धरून. त्या बाईंचं मी बघते. दुसऱ्या कुठल्या संस्थेत लावून देते. स्वतः जाऊन भेटते."

"तिने आकडे भरले होते, विशू."

"मला माहितेय."

"भर उन्हात, वाकून. ती खोटी ठरतेय गावात."

"मग मी खोटी ठरू? ते बरं वाटेल तुला?" विशाखाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आणि एवढंच जपायचं होतं तर टूललाच का नाही अडसर घातलास? नोंदी असतील तर ते चालूच नये, असा? तू ते चार वाक्यांवर सोडलंस. वाक्यं काय, कुणीही पुसतं."

हे खरं होतं. उजमाला ते लागलं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. टूलमध्येच मोजणी घालायला तिला अर्धा दिवस लागला असता. तिने तो लावला नव्हता, कारण तिला वाटलं होतं, नीट लिहिलं की पुरे. ते वाचणारी दोनच जणं होती, एक एजंट आणि एक विशाखा. त्यांतल्या एकावर तिने पहारा ठेवला होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तेही लिहीन मी."

"कुठं लिहिणार?"

"सोनियाताईंना."

विशाखा उठून उभी राहिली. "उजी, एक दिवस थांब. बसून बोलू."

"गुरुवारी तिकडे बैठक आहे."

"बारा वर्षं झाली आपल्याला." हे ती इतक्या हळू बोलली, की उजमा दारात थबकली. मग जाऊन आपल्या जागेवर बसली.

पत्र उजमाने वर्णनासारखंच लिहिलं. आधी काय झालं, मग कशामुळे, मग काय परत मिळणार नाही. 'गुरुवारी फोन घेताना मी स्वतः १५४ नोंदी मोजल्या. शुक्रवारी दुपारी आमच्या एजंटाने त्या पुसल्या. त्याआधी त्याने मोजलेला आकडाही १५४ आहे. त्याचं पान सोबत जोडलं आहे. एजंटाला दिलेला इशारा आमच्या कार्यालयात काढून टाकला गेला होता. माझ्या नावाचा अहवाल मी लिहिलेला नाही. टूलमध्ये अडसर न घालणं आणि फोन टेबलावर लावून जाणं या माझ्या चुका आहेत. गोजरबाईंनी वही ठेवली नाही, कारण ठेवू नका असं मीच सांगितलं होतं. त्यांनी एकही आठवडा चुकवलेला नाही.' विशाखाचं नाव लिहायचं की नाही, यावर ती बराच वेळ अडली. जोडलेल्या पानावर ते होतंच. तिने पत्र पाठवून दिलं.

सोनियाताईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. गुरुवारी पिशोरला या, हे तिथेच बोलू. बुधवारी सकाळी कंपनीच्या संगणकावर उजमाचा पासवर्ड चालेना. विशाखा आली नव्हती. तिचा एक संदेश होता. थोडे दिवस घरी राहा, मला तुझं तोंड बघवणार नाही. उजमाने खुर्चीवरची आपली शाल घेतली, वॉर्डमधून गोजरबाईचा फोन उचलला, बाकीच्या फोनांवर एकदा नजर टाकली आणि जिना उतरली.

पिशोरची बैठक ग्रामपंचायतीच्या खोलीत होती. वीसेक बाया, सातआठ पुरुष, वर गरगरणारा पंखा. गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती, टेप मांडीवर. उजमा आली तेव्हा तिने पाहिलं आणि पुन्हा टेपकडे बघू लागली. सोनियाताई साठीकडे झुकलेल्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी उजमाला बाजूला घेतलं. "मी सांगते ना, की काही तांत्रिक अडचण होती. तेवढ्यावर मिटेल. तुमच्या कंपनीचंही नाव नको खराब व्हायला."

"तांत्रिक अडचण म्हटलं की लोक म्हणतील, झाकलं," उजमा म्हणाली. "मला पाच मिनिटं बोलू द्या."

ती सभेत बोलणारी नव्हती. वर्गातही कधी हात वर केला नव्हता. उभी राहिली आणि कागदावरून वाचल्यासारखं, आवाज न चढवता, क्रमाने सांगत गेली. तिचं संपायच्या आत पुढच्या खुर्चीतून तात्यासाहेब म्हणाले, "म्हणजे आकडे व्हते?"

"होते. एकशे चोपन्न."

"अन् आता कुठंयत?"

"नाहीत. आमच्याकडून गेले. परत येणार नाहीत. आज मोजलं तर आजचं पाणी कळेल, तेव्हाचं नाही."

"आता आकडंच नायत, तर व्हते म्हणून कशावरनं?" एकजण मागून म्हणाला आणि काही जण हसले.

"माज्या हिरीवर दर मंगळवारी येत व्हती," तात्यासाहेब त्याच्याकडे न वळता म्हणाले. त्यांना ते कबूल करणं जड जात होतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. "टेप पुरंना तवा गड्याकडनं दोरी मागून घेतली तिनं. मी नको म्हनलं व्हतं. तरी घेतली."

सोनियाताईंनी वही उघडली आणि सगळ्यांदेखत लिहिलं, की सात आठवड्यांचे आकडे गोजरबाईंनी घेतले होते, ते कंपनीच्या चुकीने गेले, मोजणी त्यांच्याकडेच राहील. मग सही केली. गोजरबाईने मान डोलावली, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दोन-तीन दिवस गावाने तिला काय काय ऐकवलं होतं, ते या एका सहीने परत जाणार नव्हतं.

बैठक उठल्यावर उजमा तिच्याजवळ गेली. फोन तिच्या हातात दिला. "मावशी, अॅप आता चालतंय. मी खूप..."

"तू सांगितलंस चारचौघांत, ते बरं केलंस," गोजरबाई म्हणाली. तिने फोन घेतला, पण पदरात बांधला नाही, तसाच पिशवीत टाकला. "मी लबाड न्हाय हे ऐकलं समद्यांनी. पर मी फोन तुमच्या बाईला दिला न्हवता. तुला दिला व्हता."

"व्हय," उजमा म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून कसा आला, ते तिला कळलं नाही.

"तुमच्या दोघींत काय झालं ते तुमचं तुमी बघा. मला त्यातलं काही समजत नाय." गोजरबाईने टेप उचलला. बावीसातल्या नऊ विहिरी अजून व्हायच्या होत्या. "पुढल्या टायमाला फोन बिघडला तर दुसऱ्या कुनाला तरी पाठव माय. तू येऊ नको."

"बरं," उजमा म्हणाली.

गोजरबाई उन्हातून शेताच्या वाटेला लागली. एसटीला अजून तासभर होता. उजमा थांब्यावरच्या दगडी ओट्यावर बसली, आणि बाजूला एकीची जागा सोडून बसल्याचं उशिरा तिच्या लक्षात आलं, जसं ती विद्यापीठातल्या त्या बाकापासून कुठेही बसायची. ती सरकून मधोमध बसली.